चार बोटं तिरका

मी एक जुना माइक आहे. वय झालं की राग निवळतो, असं माणसं म्हणतात. मित्रांनो, माझा निवळलेला नाही. मी डूख धरून बसलो आहे आणि तो का, ते आज तुम्हाला सांगणार आहे. ऐकताना मध्येच "जाऊ द्या हो, झालं ते झालं" असं म्हणू नका. ते वाक्य मी फार वेळा ऐकलं आहे, आणि ते म्हणणाऱ्याचं स्वतःचं कधी काही गेलेलं नसतं.

आधी माझी ओळख करून देतो. मी मुठीपेक्षा मोठा, काळा, गोल आणि चांगलाच वजनदार आहे. माझ्या पोटात एक लोहचुंबक आहे. तोंडाशी कागदासारखी पातळ धातूची चकती आहे, आणि चकतीच्या पाठीला केसाहून बारीक तारेचं वेटोळं चिकटवलेलं आहे. कुणी बोललं की चकती थरथरते. तिच्याबरोबर ते वेटोळं चुंबकाच्या फटीत पुढे-मागे हलतं आणि त्या हलण्यातून विजेचा अगदी किरकोळ प्रवाह निघतो. पुढची यंत्रं त्याला मोठं करतात आणि फिल्मच्या कडेला त्या आवाजाची रेघ उमटते. बोलपट असा तयार व्हायचा. म्हणून आमच्या जातीला हलत्या वेटोळ्याचे माइक म्हणत.

माझं वेटोळं एका बाईनं गुंडाळलं. कारखान्यात खिडकीपाशी लांबलचक टेबल होतं आणि तिथं बाया डोळ्याला भिंग लावून बसत. तार इतकी नाजूक की फुंकरीनं उडावी. शेवटचे वेढे घालताना ती शेजारणीला म्हणाली, "आता शिंकलीस तर बघ, याद राख." शेजारणीनं नाक दाबून धरलं. वेटोळं जागेवर बसलं आणि मग दोघी पोट धरधरून हसल्या. जन्मल्यावर माझ्या कानी पडलेलं पहिलं काही असेल तर ते हसणं.

माझ्या आधीच्या माइकांची तऱ्हा काय सांगावी? कोळशाच्या भुकटीचे होते ते सारखे खरखरत. दुसरे होते ते ऐकायचे छान, पण हवा जरा दमट झाली की रुसून बसायचे. मी मात्र दणकट. मला उन्हात ठेवा, गाडीतून हिंदकळत न्या, मी कामाला हजर. पण माझा एक स्वभाव तुम्ही नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्यातून झाली. माझ्या तोंडासमोर बोलाल तर तुमचा शब्दन् शब्द लख्ख येणार, ओठ मिटल्याचंसुद्धा ऐकू येणार. माझं तोंड जरा बाजूला वळलं की बोलण्याची धार जाते. मग माणूस गादीखालून बोलतो आहे असं वाटतं.

मी ज्या चित्रपट कंपनीत आलो तिथं तोवर मूकपटच निघत होते. कंपनी मालकीणबाईंची होती. नवरा गेल्यावर त्यांनी ती चालवायला घेतली आणि त्याच्याच खुर्चीत बसून चालवली. बोलायच्या कमी, बघायच्या फार. आवाजाचं खातं ज्यांच्याकडे दिलं होतं त्यांना सगळे डॉक्टर म्हणत, कारण कानाला सदा हेडफोन आणि तोंडावर नेहमी कुणीतरी अत्यवस्थ असल्यासारखा भाव. ते एका बंद, काच लावलेल्या खोलीत बसत. काचेतून त्यांना नटांचे चेहरे दिसत. मी मात्र दिव्यांच्याही वर, काळोखात, लांब काठीच्या टोकाला टांगलेला असे. मी कुठं बघतो आहे ते डॉक्टरांना त्यांच्या स्टुलावरून कधीच दिसायचं नाही.

कंपनीचा नायक म्हणजे राजे. त्याचं हे टोपणनाव, कारण प्रत्येक मूकपटात तो राजाच व्हायचा. देखणा होता, मी खोटं बोलणार नाही. खांदे रुंद, भुवया ठसठशीत, सिंहासनावर बसला की सिंहासन लहान वाटावं. त्याची आवाजाची परीक्षा ठरली त्या दिवशी सगळं खातं काचेला नाक लावून उभं होतं. राजे माझ्यासमोर आला, छाती फुगवली आणि म्हणाला, "कोण आहे रे तिकडे?"

मित्रांनो, मी आवाज बनवत नाही. जो येतो तो पुढे पाठवतो. त्या रुंद छातीतून जे निघालं ते सगळं नाकावाटे निघालं, आणि पाठीमागून एक बारीक शीळ, बहुधा पुढच्या दातांच्या फटीतून. डॉक्टर बाहेर येऊन अदबीनं म्हणाले, "राजे, नाकातून जरा कमी घेता आलं तर बघा." राजे हसला आणि माझ्यावर टिचकी मारून म्हणाला, "हा डबा आहे. याला राजाचा आवाज काय कळणार?" त्या दिवसापासून मी डबा झालो. अपमान मी तिथंच गिळला, पण पचवला नाही.

आता तिची गोष्ट सांगतो. ती पंखेवाली. प्रत्येक मूकपटात राजाच्या मागे उभी राहून पंखा हलवणारी दासी म्हणजे ती. चेहरा साधा, गालावर जुन्या आजाराचे व्रण, त्यामुळे तिला पुढे कधी कुणी आणलं नाही. घरी अंथरुणाला खिळलेली आई, आणि पंखा हलवण्यावर दोघींचं पोट. ती दिवसभर उभी राहायची आणि चित्रण संपलं की मुकाट्यानं पंखा जागेवर ठेवून निघून जायची.

एकदा यंत्र जुळवताना डॉक्टरांनी खोलीतून आवाज दिला, "अहो, कुणीतरी बोला तिकडे, काहीही बोला." सगळे एकमेकांकडे बघू लागले. पंखेवाली माझ्या खालीच उभी होती. ती म्हणाली, "काय बोलू? मला कधी बोलायलाच सांगितलं नाही कुणी. पाय दुखतात एवढंच सांगण्यासारखं आहे."

तेवढंच. पण माझी चकती अशी थरथरली की माझं वेटोळं चुंबकात सुखानं डोललं. आवाज खोल होता, भरलेला होता आणि त्यात काही लपवलेलं नव्हतं. काचेच्या खोलीचं दार धाडकन उघडलं. डॉक्टर हेडफोनची तार मागे फरफटत बाहेर आले आणि ओरडले, "आत्ता कोण बोललं?" तिला वाटलं, आपण काहीतरी मोडलं. ती दोन पावलं मागे सरली.

कंपनीचा पहिला बोलपट ठरला तेव्हा मालकीणबाईंनी तिला मोठं काम दिलं. कैदेत पडलेल्या भावासाठी राजाच्या दरबारात येऊन भांडणारी बहीण. चेहऱ्याचं काय, असं कुणीतरी विचारलं, तर मालकीणबाई म्हणाल्या, "लोक आता ऐकायला येणार आहेत." पंखेवालीनं त्या दिवशी पंखा कुठं ठेवायचा ते दुसऱ्या बाईला दाखवलं. 

पहिल्या दिवसाचं चित्रण पडद्यावर पाहिलं आणि राजेच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्या आवाजाशेजारी त्याचा आवाज म्हणजे भरल्या घरात भांडं घरंगळत जावं तसा. सगळ्यांसमोर तो हसला, "छान बोलते हं पंखेवाली" असंही म्हणाला. मग माझ्या काठीखाली येऊन उभा राहिला. ती काठी धरणारा म्हणजे त्याच्या बायकोचा भाऊ. त्याला सगळी कंपनी मेहुणेच म्हणायची. मेहुण्यांना स्वतःचं मत नव्हतं. दाजी म्हणतील तेच त्यांचं.

"मेहुणे, ती बोलायला लागली की याचं तोंड जरा इकडं वळवायचं. चार बोटं, बस्स."

"दाजी, डॉक्टरांना कळलं तर?"

"त्याला काय दिसतंय तिथून? आणि कळलं तर म्हणा, हात अवघडला."

मी ऐकलं. शब्दन् शब्द ऐकला. पण दोन चित्रणांच्या मधल्या वेळात डॉक्टर हेडफोन काढून कान चोळत बसायचे. तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. ऐकणं माझ्या हातात होतं, ऐकवणं नव्हतं. मित्रांनो, एवढा संताप मला आयुष्यात कधी आला नाही. कुणी मला फोडलं असतं तर मी सोसलं असतं. पण यांनी माझं खरेपण वापरून खोटं बोलायचं ठरवलं.

आणि तसंच झालं. ती जीव ओतून बोलायची आणि मेहुणे काठी फिरवायचे. मी तिच्यापासून तोंड वळवून, सिंहासनाच्या बाजूला बघत टांगलेला. डॉक्टरांच्या कानात तिचा आवाज जायचा तो विझलेला. डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी आधी माझ्यावरच आळ घेतला. मला काठीवरून उतरवलं, टेबलावर आडवं घातलं, स्क्रू काढले, जाळी काढली, चकतीला हात लावला. ज्या वेटोळ्यासाठी एका बाईनं श्वास रोखून धरला होता, तिथं चिमटे घातले. काही सापडलं नाही. मला पुन्हा बंद करून माझ्या तोंडासमोर ते स्वतः "एक, दोन, तीन" म्हणाले. लख्ख आलं. मग त्यांनी उसासा टाकून निकाल दिला, "माइक ठीक आहे. म्हणजे बाईचाच आवाज पडतोय."

एकदा तरी त्यांनी बाहेर येऊन वर बघितलं असतं तर? पण ज्यांचा सगळा व्यवहार कानांशी असतो त्यांना मान वर करायचं सुचत नाही.

पंखेवालीला मात्र सुचलं. "बाई, आवाज पोचत नाहीये" असं डॉक्टर तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा तिनं मान वर केली. दिव्यांच्या झगमगाटात डोळे बारीक करून ती माझ्याकडे बघत राहिली. माझं तोंड कुठं आहे ते तिनं पाहिलं. मग काठीवरून खाली मेहुण्यांपर्यंत नजर आणली, आणि मेहुण्यांवरून सिंहासनापर्यंत. मला वाटलं, आता ती ओरडेल. तिनं पदर नीट केला आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मी मनात म्हटलं, गेली. हिच्यात दम नाही. पण तसं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाई सेटवर आल्या. दरबाराचा मोठा प्रवेश होता. त्यांनी तिला बाजूला घेतलं, पण माझ्या खालीच, त्यामुळे मला ऐकू आलं. "हे बघ, मी कुणाचं न ऐकता तुला संधी दिली. आज पुन्हा तसंच निघालं तर उद्यापासून दुसरी बाई येईल. तू परत पंख्यावर जा, तुझं आहे ते काम मी काढून घेणार नाही." पंखेवाली म्हणाली, "बरं." आवाजात कंप नव्हता. मला मात्र मेहुण्यांच्या हातातली काठी चावावीशी वाटली.

आता तुम्हाला मूकपटातल्या नटांची एक खोड सांगायला हवी. तेव्हा आवाज नव्हता, म्हणून चित्रण चालू असताना नट वाटेल ते बोलत. चेहऱ्यावर विरह आणि तोंडात "माझी चप्पल कुणी नेली रे?" डोळ्यांत क्रोध आणि ओठांत "पाठ खाजतेय, लवकर उरका." राजे त्यात पटाईत होता. ओठ न हलवता, हनुवटीवर हात ठेवून तो भर प्रवेशात सगळ्या सेटला हुकूम सोडायचा. इतक्या वर्षांची सवय, ती कुठं जाणार? आणि ती सवय सगळ्यांत जवळून कुणी पाहिली होती? त्याच्या मागे उभं राहून पंखा हलवणारीनं.

दारं बंद झाली. पंखे बंद झाले. दिव्यांच्या उष्णतेनं राजाच्या कपाळावरचा रंग ओघळायला लागला. कॅमेरा आपल्या जाड पेटीत घुरघुरू लागला. ती बोलायला लागली आणि ठरल्याप्रमाणे मी चार बोटं वळलो. पण बोलता बोलता ती अर्धं पाऊल सरकली. दुःखानं सरकल्यासारखी सरकली, म्हणून दिग्दर्शकालाही ते आवडलं. पण ती आली ती नेमकी माझ्या तोंडाखाली. तिचा आवाज पुन्हा लख्ख झाला.  दिवेवाले हातातलं काम विसरून बघायला लागले.

राजेच्या लक्षात आलं की डाव हातचा चालला. गोष्ट बिनसायला लागली की त्याची जीभ वळवळायची, तशी ती आताही वळवळली. त्यानं चिंतेत पडल्यासारखा हात तोंडावर धरला आणि ओठ न हलवता पुटपुटला, "मेहुणे, झोपलात का? इकडं फिरवा. अजून. अजून."

घाबरलेल्या मेहुण्यांनी मला फिरवलं ते थेट राजेच्या तोंडासमोर आणून ठेवलं.

मित्रांनो, त्या क्षणासाठी मी थांबलो होतो. मी माझी चकती ताणून धरली म्हणा ना. त्याचा श्वास आला, शीळ आली, आणि त्यामागून सगळं आलं. "हां, आता बोंबलू दे तिला. आज आवाज पडला की उद्या परत पंख्यावर. आणि म्हातारीची काळजी नको. तिला यातलं ओ की ठो कळत नाही. नवऱ्याची खुर्ची अडवून बसलीये नुसती."

माझं वेटोळं असं हललं की काय सांगू. एक अक्षर मी सांडलं नाही. काचेमागे डॉक्टर ताठ झाले. चित्रण थांबवायला त्यांचा हात खुणेच्या बटणावर गेला, तिथं थांबला आणि मग त्यांनी तो सावकाश मांडीवर ठेवून दिला. फिल्म फिरत राहिली. मग मेहुण्यांना उमगलं की माइक दाजींच्याच तोंडासमोर आहे. त्यांनी हिसडा देऊन मला परत तिच्याकडे वळवलं, आणि थोड्याच वेळात कॅमेऱ्यातली फिल्म संपली.

फिल्म धुऊन आली तेव्हा मालकीणबाईंनी सगळ्यांना पडद्याच्या खोलीत बोलावलं. डॉक्टरांनी मला बरोबर नेलं आणि टेबलावर ठेवलं. का नेलं ते त्यांनी सांगितलं नाही. मालकीणबाई नवऱ्याच्या त्या खुर्चीत बसल्या होत्या. राजे पाय लांबवून बसला, मेहुणे त्याच्या आडोशाला. पंखेवाली दाराशी उभी राहिली. कुणी बस म्हटलं नाही.

पडद्यावर राजा चिंतेत पडला, तोंडावर हात धरला, आणि खोलीत त्याचं नाक बोलायला लागलं. "हां, आता बोंबलू दे तिला." राजेनं पाय आवरले. "म्हातारीची काळजी नको." दिग्दर्शकाला एकदम खोकला आला. "नवऱ्याची खुर्ची अडवून बसलीये नुसती."  चित्र संपलं.

"पुन्हा लावा," मालकीणबाई म्हणाल्या.

पुन्हा लावलं. मी टेबलावर बसून राजेकडे बघत होतो, आणि मी लपवत नाही, मला इतका आनंद कधीच झाला नव्हता. मला डबा म्हणणारा माणूस स्वतःच्याच आवाजापुढे कान झाकायलाही धजत नव्हता.

दिवे लागले. राजे म्हणाला, "बाईसाहेब, हा माइक बिघडलाय. मी पहिल्यापासून सांगतोय."

"आवाज कुणाचा आहे?"

"माझ्यासारखा वाटतोय खरा."

"माइक बिघडलेला नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी मला उचलून सगळ्यांना दिसेलसं धरलं. "मी उगाच उघडला होता. मान वर करून बघायला हवं होतं."

"मेहुणे, काठी कुणाच्या हातात होती?"

"माझ्या. पण दाजी म्हणाले..."

"ते ऐकलं आम्ही. दोनदा."

मग त्या दाराकडे वळल्या. "तुला हे ठाऊक होतं?"

"हो."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते?" पंखेवाली म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, तुझा आवाज पडतो. तुम्ही म्हणालात, परत पंख्यावर जा. राजे माझ्यावर डूख धरून आहेत असं मी म्हटलं असतं तर तुम्ही हसला असतात. म्हणून म्हटलं, त्यांचं त्यांनीच सांगावं. इतकी वर्षं त्यांना पंखा घातलाय मी. मनासारखं होईनासं झालं की ते गप्प बसू शकत नाहीत. मी फक्त अर्धं पाऊल सरकले."

 मालकीणबाई म्हणाल्या, "आज, आत्ता काढते यांना. तू म्हण फक्त."

राजेनं मान खाली घातली. मेहुणे रडायच्या बेतात आले. मला वाटलं, आता ती विरघळणार. भल्या बायका विरघळतात, मी पाहिलं आहे. ती म्हणाली, "नको. काढू नका. ठेवा. याच बोलपटात ठेवा, माझ्यासमोरच उभे करा. काठीसुद्धा मेहुण्यांच्याच हातात राहू दे. फक्त माइक सरळ धरायला सांगा."

त्या क्षणी मी तिचा झालो. काढलं असतं तर राजे चार गावं फिरून "माझ्यावर अन्याय झाला" म्हणून सांगत बसला असता. आता त्याला रोज यायचं होतं, रंग लावायचा होता, सिंहासनावर बसायचं होतं, आणि तिचं बोलणं संपलं की तिच्याच आवाजानंतर, सरळ धरलेल्या माइकसमोर, तोंड उघडायचं होतं. डॉक्टरांनी मला काठीला पट्टीनं असं आवळलं की मेहुण्यांनी ठरवलं तरी मी हलू नये. राजेला घाम फुटायचा. त्याचं एकेक वाक्य पुन्हा पुन्हा घ्यावं लागायचं. प्रत्येक वेळी त्याचं जसं होतं तसं मी पुढे पाठवलं. कमी नाही, जास्त नाही.

बोलपट लागला तेव्हाचं दिवेवाल्यांनी माझ्या खाली बसून एकमेकांना सांगितलं. ती बोलायची तेव्हा थिएटरात खुर्ची करकरत नव्हती. राजा "सोडून द्या त्याला" म्हणाला तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि मग हसू पुढच्या रांगांपर्यंत आलं. राजे स्वतः तिथं बसला होता म्हणे. पुढे तो दरबारी झाला, मग भालदार, मग दिसेनासा झाला. माझ्यापाशी तो एकदाच आला होता. थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. मला दया आली का? आली असती तर सांगितलं असतं.

तिला मग पंखेवाली म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही. तिनं बरेच बोलपट केले आणि प्रत्येकात तिच्यासमोर मीच होतो. ती सेटवर आली की आधी मान वर करून मला बघायची आणि मगच बोलायची. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, पण आमच्यासारखी जोडी दुसरी नव्हती. पुढे तिनं काम सोडलं. नवे, हलके माइक आले. मला आधी "चहा आलाय" असं ओरडून सांगायला वापरलं, मग एका पेटीत टाकलं, त्यावर दुसऱ्या पेट्या रचल्या. आता मी आवाजाचं शिक्षण देणाऱ्या एका शाळेत, काचेच्या कपाटात आहे. माझ्यावर धूळ आहे. त्याचं मला काही नाही.

मला राग आहे तो वेगळाच. तिचे बोलपट कंपनीच्या गोदामात, तापलेल्या पत्र्याखाली डब्यांत पडून राहिले. कुणी कधी उघडून पाहिले नाहीत. फिल्म आधी चिकट झाली, मग तिची भुकटी झाली. सगळे गेले, एकही उरला नाही. उरला तो फक्त एक तुकडा. राजेनं तोंड उघडलं तिथून फिल्म संपेपर्यंतचा तो भाग मालकीणबाईंनी कापून घेतला होता, आणि पुन्हा कधी राजे शेफारला तर दाखवायला म्हणून लोखंडी कपाटात, कापडात गुंडाळून, गारव्याला ठेवला होता. लेकरासारखा जपला. मित्रांनो, नीट बघा काय झालं ते. माझा सूड जपला गेला. तिचा आवाज जपायला कुणाला सुचलं नाही. डूख धरण्यात मी इतका रमलो होतो की मलाही वाटलं, आपण जिंकलो.

त्या तुकड्याची नवी प्रत दर वर्षी इथं वर्गात दाखवतात. नवी मुलं येतात. राजा तोंडावर हात धरतो, नाकातून बोलतो, आणि मुलं लोटपोट हसतात. शिकवणाऱ्या बाई म्हणतात, "बघा, माइक कुणाकडे वळला आहे यावर सगळं असतं," आणि यंत्र बंद करतात. दर वर्षी तिथंच बंद करतात. म्हणून आता माझा राग तुमच्यावर आहे, या वर्गात बसणाऱ्यांवर.

हसा, पोटभर हसा, त्याची लायकीच ती होती. पण हसून झाल्यावर लगेच यंत्राकडे हात नेऊ नका. मेहुण्यांनी हिसडा देऊन मला परत वळवलं होतं ते त्याच तुकड्यात आहे, अगदी शेवटी. तिथं मी तिच्यासमोर आलो. तिथं एकच वाक्य सरळ, लख्ख आलं आहे आणि साऱ्या जगात तिचा तेवढाच आवाज शिल्लक आहे. काचेच्या आतून मी दर वर्षी वाट बघतो आणि दर वर्षी वर्गातले दिवे लागतात. एकदा तरी लावू नका. फिल्म पुढे जाऊ द्या. ती राजाला म्हणते, "महाराज, माझं बोलणं अजून संपलेलं नाही."